साडेपाच परगणे

घराण्यांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे पहिल्या पानावर वंशावळ येते. वर मूळ पुरुष, खाली पिढ्या, मूल झालं नाही तिथे बारीक अक्षरात ‘दत्तक’ आणि तळाला हयात मंडळींचा फेटे बांधलेला फोटो. पुढच्या पानांत वंशावळी आहेत, पण वाचकाने त्यांच्या मागे लागू नये. इथे विषय आहे तो मुलखाचा. सोलापूर, करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट हा भीमा-सीनेच्या काठचा टापू आठ-नऊशे वर्षांत कुणाकुणाच्या हाती गेला, कसा गेला, आणि जाताना त्याचे तुकडे पडले की तो अखंड राहिला, एवढंच पाहायचं आहे. घराण्याच्या बाजूने पाहिलं तर हा इतिहास पराक्रमाचा दिसतो. मुलखाच्या बाजूने पाहिलं तर तो बराचसा सोयरिकींचा, भाऊबंदकीचा आणि कागदांचा आहे.

सुरुवात मंगळवेढ्यापासून करायला हवी. आज मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंत आठवतात आणि ज्वारी आठवते. बाराव्या शतकात ते कलचुरींचं ठाणं होतं. कलचुरी हे कल्याणीच्या चालुक्यांचे महामंडलेश्वर, म्हणजे मोठे मांडलिक. जोगम या कलचुरी सरदाराची मुलगी सावळदेवी चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याला दिलेली. सम्राटाशी सोयरीक झाली की मांडलिकाची मान उंचावते, आणि दोन पिढ्यांत नेमकं तेच झालं. जोगमाचा नातू बिज्जळ याने 1157 च्या सुमारास धन्याचंच सिंहासन बळकावलं आणि 1162 मध्ये उघडपणे सम्राटाची बिरुदं लावली. बसवेश्वर त्याच्याच दरबारात होते, आणि सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, सिद्धरामेश्वर तलाव खोदवत होते. बिज्जळाच्या मागे कलचुरींचं राज्य पुरतं एक पिढीही तगलं नाही. मांडलिक असताना ते घराणं मंगळवेढ्यात मजबूत होतं. सम्राट झालं आणि संपलं.

मग यादव आले, दिल्लीकर आले, बहमनी आले. तो पट्टा मी इथे भराभर ओलांडतो, कारण आपल्या विषयाचा खरा गाभा पंधराव्या शतकाच्या अखेरीला आहे.

बहमनी राज्यात मुलूख सांभाळणारा तरफदार हा मुळात नोकर. सुलतान त्याला नेमी आणि हलवीही. पण दूरचा सुभा, हाताशी फौज आणि वसूल आपल्याच हातात, म्हटल्यावर नोकराचा धनी व्हायला वेळ लागत नाही. महमूद गावानाला हे दिसत होतं. त्याने चार तरफांच्या आठ केल्या आणि तरफदाराच्या ताब्यात एकेकच किल्ला ठेवला. बाकीचे किल्ले थेट सुलतानाच्या माणसांकडे. ज्यांचे किल्ले गेले ते गप्प बसणारे नव्हते. 1481 मध्ये बनावट पत्राच्या आधाराने गावानाचा शिरच्छेद झाला, आणि दहा वर्षांच्या आत विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड इथले तरफदार आपापल्या मुलखाचे राजे झाले.

फ्रान्सच्या मध्ययुगाशी ज्यांची ओळख आहे त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. तिथेही काउंट हा आधी सम्राट शार्लमेनच्या घराण्याचा नेमलेला अंमलदार होता. सम्राटाचा हात ढिला पडला तसं त्याचं पद मुलाला मिळू लागलं, मग नातवाला, आणि शांपान्य, तुलूझ असे प्रांत त्या त्या घराण्यांची मिरास होऊन बसले. दख्खनमध्ये हा प्रवास त्याच दिशेने निघाला, पण मिरासदारीच्या मुक्कामावर पोचला नाही. सोलापूर हा त्याचा उत्तम दाखला.

बहमनी मोडत असताना आपल्या भागात दोन भाऊ होते. थोरला ख्वाजा जहान दखनी परांड्याला, आणि धाकटा झैनखान सोलापुरात. दोघांचे मिळून अकरा परगणे. भावांचं बिनसलं. झैनखानाने बिदरहून, नावापुरत्या उरलेल्या बहमनी सुलतानाकडून, निम्म्या मुलखाचं फर्मान मिळवलं. अकराचे निम्मे साडेपाच. झालं, सोलापूर आणि त्याखालचे साडेपाच परगणे असा एक नवा मुलूख जन्माला आला. त्याला डोंगराची हद्द नव्हती की नदीची. एका परगण्याची चक्क मधून वाटणी झालेली. कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात बांधावरून होते तशी ही वाटणी, फक्त सातबाऱ्याच्या जागी फर्मान.

आणि गंमत पाहा, ज्या झैनखानासाठी हा हिस्सा काढला त्याच्याकडे तो फार तर दीड तप राहिला. 1511 च्या सुमारास विजापूरचा कारभारी कमालखान याने, अज्ञान इस्माईल आदिलशहाच्या नावाने, सोलापूरला वेढा घालून किल्ला आणि साडेपाच परगणे दोन्ही घेतले. झैनखानाचं घराणं इथून पुसलं गेलं. त्याचा आकडा मात्र राहिला. पुढची पन्नास वर्षं दख्खनचे सुलतान लढतात, तह करतात, लग्नं लावतात, त्यात ‘सोलापूर आणि साडेपाच परगणे’ हे शब्द जोडीने येतात, जणू ते आदिकाळापासून एकच होते.

1524 मध्ये इस्माईल आदिलशहा आणि बुऱ्हाण निजामशहा सोलापुरात भेटले. शाह ताहिर या विद्वानाने मध्यस्थी केली होती. इस्माईलची बहीण मरियम बुऱ्हाणाला दिली. पाहुणे घरी परतले आणि भांडण सुरू झालं. नगरकरांचं म्हणणं, सोलापूर आणि साडेपाच परगणे हुंड्यात द्यायचं ठरलं होतं. विजापूरकरांचं म्हणणं, असं काही ठरलंच नव्हतं. बुऱ्हाणाने वऱ्हाडचा इमादशहा आणि बिदरचा अमीर बरीद यांना सोबत घेऊन चाल केली. विजापूरच्या असदखानाने ती परतवली. लग्नात मानापानावरून रुसवे होतात हे आपल्याला ठाऊक आहे. मानापानासाठी तीन राज्यांच्या फौजा रणात उतरल्याचं हे उदाहरण मोठं आहे, आणि ते आपल्या गावचं आहे.

मरियमचं यात काय झालं, हे तवारिखांतून फारसं कळत नाही. नगरच्या दरबारात तिचा योग्य मान राखला गेला नाही ही तक्रार विजापूर नंतर वेळोवेळी पुढे करत राहिलं, पण तक्रारीचा उपयोग परगण्यांसाठी झाला. तिच्यासाठी किती झाला असेल, याची मला शंकाच आहे.

पुढे बाजी पलटत राहिली. 1543 च्या सुमारास बुऱ्हाणाने दुसऱ्या सुलतानांची आणि विजयनगरची मदत घेऊन साडेपाच परगणे काढून घेतले. मग ते सुटले. 1552 च्या आसपास त्याने विजयनगरच्या रामरायाशी सौदा केला. रायचूर-मुद्गल रामरायाला, सोलापूर नगरला. या वेळी किल्ला नगरकडे टिकला. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने तो परत मिळवण्यासाठी जंग जंग पछाडलं, पण त्याच्या हयातीत त्याला यश आलं नाही.

जे तलवारीने साधलं नाही ते अखेर वरातीने साधलं. विजयनगरविरुद्ध एकजूट करायची तर आधी आपसातलं सोलापूरचं हाडवैर मिटायला हवं होतं. 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात सोलापूर दिलं. अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला, दिली. साटंलोटं म्हणतात ते हेच. एका लग्नात जो मुलूख मागून मिळाला नाही तो चाळीस वर्षांनी दुसऱ्या लग्नात उलट दिशेने गेला. शाळेच्या पुस्तकातली चांदबिबी नगरच्या तटावर उभी असते. त्याच्या तीस वर्षं आधीची, सोलापूर सोबत घेऊन सासरी निघालेली चांदबिबी आपल्याला कुणी दाखवत नाही.

इथे फ्रान्सकडे पुन्हा एकदा नजर टाकावीशी वाटते, कारण फरक इथेच कळतो. तुलूझच्या काउंटला, सातव्या रेमोंला, मुलगा नव्हता. 1229 च्या पॅरिसच्या तहात त्याची मुलगी जान हिचं लग्न फ्रान्सच्या राजाच्या भावाशी ठरवलं गेलं. रेमों 1249 मध्ये वारला, जान आणि तिचा नवरा 1271 मध्ये निपुत्रिक गेले, आणि अख्खा तुलूझ राजाच्या खिशात पडला. शांपान्यचंही तेच. तिथली वारस मुलगी, तिचंही नाव जान, 1284 मध्ये फिलिपला दिली. पुढच्याच वर्षी तो राजा झाला आणि त्यांच्या मुलाच्या काळापासून ते घराणं आणि फ्रान्सची गादी एक झाली. दोन्हीकडे मुलगी ही मालकीण होती, निदान कायद्याने. जमीन तिची, म्हणून नवऱ्याची, म्हणून मुलाची. आपल्याकडे मरियम किंवा चांदबिबी सोलापूरच्या मालकिणी कधीच नव्हत्या. मुलूख त्यांच्यासोबत गेला, त्यांच्याकडून गेला नाही. चांदबिबीला मूल नव्हतं, 1580 मध्ये अली आदिलशहा मारला गेला, ती पुढे माहेरी नगरला परतली, तरी हुंड्यातलं सोलापूर म्हणूनच तिच्यामागून माहेरी आलं नाही.

हे सगळं आपल्याला मुख्यतः फिरिश्ताकडून कळतं, आणि फिरिश्ता आधी नगरला होता, 1589 मध्ये विजापूरला आला आणि विजापूरच्या आश्रयाने लिहिता झाला. नगरची बाजू हवी असेल तर सय्यद अली तबातबाची ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ शेजारी ठेवून वाचावी. दोन व्याह्यांच्या दोन बखरी; लग्नाच्या बोलणीत नेमकं काय ठरलं हे अशा वेळी जसं कळतं तसंच इथेही कळतं.

चांदबिबीनंतरचे हातपालट मोजत बसण्यात अर्थ नाही. 1625 मध्ये मलिक अंबरने सोलापूर घेतलं. 1636 मध्ये शहाजहानने निजामशाहीची वाटणी केली त्यात सोलापूर-परांडा विजापूरच्या वाट्याला आले. 1668 च्या तहात विजापूरने सोलापूर औरंगजेबाला दिलं. 1685 मध्ये औरंगजेब स्वतः सोलापूरला तळ देऊन बसला तो विजापूर गिळायला, आणि पुढे मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला त्याची छावणी चार-पाच वर्षं पडली. नंतर निजाम, नंतर मराठे, आणि मे 1818 मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या तोफा. या काळात सोलापूरच्या किल्ल्यात घराणं म्हणून कुणी रुजलंच नाही. किल्लेदार आले आणि गेले. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरताना दुहेरी तट, खंदक आणि बुरुजांवरचे फारसी लेख दिसतात. आत गेलं तर जुन्या मंदिराचे खांब उघड्यावर उभे आहेत. राहत्या राजघराण्याची जी खूण आपण शोधतो, पिढ्यांनी वाढवत नेलेला वाडा, ती इथे नाही. सोलापूर हे नेहमी कुणीतरी कुणालातरी दिलेलं गाव राहिलं.

घराणी रुजली ती आडबाजूला. करमाळ्याला निंबाळकर रुजले. रंभाजी निंबाळकर निजामाकडे गेले, ‘रावरंभा’ हा किताब घराण्याला चिकटला, आणि 1727 मधलं कमलाभवानीचं देऊळ त्यांच्याच अमलातलं. मंगळवेढा पटवर्धनांकडे गेलं आणि सांगलीच्या राज्याचा एक तुटक तुकडा होऊन राहिलं. या दोन्हींवर स्वतंत्र लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण घराणं कसं घडतं आणि कसं टिकतं हे ज्याला पाहायचंय त्याने अक्कलकोटपाशी थांबावं.

1707 मध्ये औरंगजेब गेल्यावर शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत उतरले. वाटेत पारद गावच्या गढीतून त्यांना विरोध झाला. झटापटीत पाटील सयाजी लोखंडे पडला. त्याच्या बायकोने आपलं लहान मूल पालखीत बसलेल्या शाहूंच्या पायांवर घातलं. शाहूंनी ते उचललं, स्वराज्यात परतल्यावरचा हा पहिला विजय म्हणून त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं आणि आपलं आडनाव दिलं. राणोजी लोखंडेचा फत्तेसिंह भोसले झाला. ज्याने बाप मारला त्याच्याच घरात वाढणं त्या पोराला कसं वाटलं असेल, हे कुठल्याच कागदात नाही, आणि मी कादंबरीकार नाही. त्याला वाढवलं शाहूंच्या विरूबाईंनी. विरूबाई विवाहित राणी नव्हत्या, पण शाहूंच्या घरात त्यांचा शब्द चाले, आणि 1740 मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांचे अंत्यविधी मुलगा म्हणून फत्तेसिंहांनी केले.

अक्कलकोटची जहागीर 1712 च्या सुमाराची. बदल्यात घोडेस्वारांची चाकरी. फत्तेसिंह जहागिरीवर बसून राहणारे नव्हते. 1725 ते 1727 च्या कर्नाटकच्या स्वाऱ्या त्यांच्या नावावर आहेत. 1740 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांबरोबर ते अर्काटवर गेले. दमलचेरीच्या घाटात नबाब दोस्तअली पडला, आणि पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेब कैद झाला. शाहूंना मुलगा नव्हता, त्यामुळे गादीचा विषय निघे तेव्हा फत्तेसिंहांचं नावही घेतलं जाई. पण जन्माने भोसले नसलेल्याला छत्रपती करणं कुणाला मानवणार? सातारा लांब राहिला, अक्कलकोट जवळ राहिलं. मला वाटतं, घराण्याच्या दृष्टीने ते बरंच झालं.

1760 मध्ये फत्तेसिंह निपुत्रिक गेले. गादीवर आला त्यांचा पुतण्या शहाजी, म्हणजे सख्ख्या लोखंडे भावाचा मुलगा, दत्तक. मौज अशी की नाव भोसल्यांचं, गादी शाहूंच्या कृपेची, आणि रक्त पारदच्या पाटलाचं. शुद्ध रक्ताचा अभिमान मिरवणाऱ्या वंशावळींनी ही ओळ नेहमी बारीक टायपात छापली. माझ्या मते ती ठळक छापायला हवी, कारण तिच्यातच या टापूची रीत आहे: आधी मान्यता, मग वारसा.

मान्यता कुणाची, हे बदलत गेलं. 1820 च्या जुलैत इंग्रजांनी दुसऱ्या फत्तेसिंहांशी करार करून अक्कलकोट साताऱ्याच्या छत्रपतींखाली ठेवलं. 1828 मध्ये जहागीरदार अज्ञान राहिले आणि सातारकर प्रतापसिंहांनी कारभार हाती घेतला. त्यांनी खर्चाला आणि जुन्या हक्कांना कात्री लावली, तेव्हा बोरगावच्या सरदेशमुखांनी बंड उभारलं आणि इंग्रजांना मधे पडावं लागलं. हा प्रसंग पुस्तकात लहान आहे, पण वाचकाने इथे जरा रेंगाळावं. आपण राजे मोजत असतो. गावात वसूल जमा करणारा, पीकपाणी जाणणारा, कुणाची जमीन किती हे तोंडपाठ असलेला माणूस वेगळाच असतो: देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी. झैनखान गेला, आदिलशहा गेला, निजाम गेला. वतनदार नव्या धन्याला नजराणा देऊन जुनंच वतन नव्या सनदेवर लिहून घेत राहिला. बोरगावकरांना जहागीरदार कोण याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा हक्क कापला गेला होता. आपल्या मुलखाची खरी सलग घराणी हीच, आणि त्यांच्या घरच्या मोडी रुमालांना अजून पुरता हात लागलेला नाही.

मग 1848 आलं. साताऱ्याचे छत्रपती शहाजी निपुत्रिक वारले, मरताना घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि शिवछत्रपतींच्या वंशाचं राज्य खालसा झालं. त्यांच्या हाताखालचं अक्कलकोट, जे पहिल्या दिवसापासून दत्तकावर चाललं होतं, ते मात्र राहिलं. फक्त आता थेट इंग्रजांचं मांडलिक. पुढे दत्तकाचा अधिकार देणारी सनदही घराण्याला मिळाली.

1866 मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या मालोजींना कारभार नीट नाही म्हणून बाजूला केलं. हे तेच मालोजी, ज्यांच्या काळात स्वामी समर्थ अक्कलकोटात आले. आज अक्कलकोटला येणाऱ्या लाखो भक्तांना वटवृक्ष माहीत असतो, राजवाड्यातलं शस्त्रागार पाहायला त्यातले थोडेच वळतात. 1868 मध्ये घोडेस्वारांची चाकरी रद्द झाली आणि तिच्या जागी वर्षाला 14,592 रुपये रोख ठरले. दीडशे वर्षांपूर्वी शाहूंनी ज्या चाकरीसाठी जहागीर दिली तिचा हा हिशेब. रक्कम चुकती केली की संपलं. पुढे घोड्यावर बसायचं ते दसऱ्याच्या मिरवणुकीत.

498 चौरस मैलांचं हे संस्थान, माळशिरसातलं पिलीव धरून, मार्च 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि सोलापूर जिल्ह्याचा तालुका बनलं. शेवटचे राजे विजयसिंहराव 1923 मध्ये लहान वयात गादीवर आले होते आणि कारभार बरीच वर्षं राणी ताराबाईंनी पाहिला. मरियम, चांदबिबी, विरूबाई, ताराबाई: पुढची पानं वाचताना या बायकांची नावं वाचकाने वेगळ्या कागदावर लिहून ठेवावीत. मुलूख कुठे वळला ते त्या कागदावर वंशावळीपेक्षा लवकर सापडेल.

राहता राहिला तो एक हिशेब. 1967 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेसाठी नेमलेल्या महाजन आयोगाने अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जत या भागांतली गावं कर्नाटकाला द्यावीत अशी शिफारस केली. तिथली बोलीभाषा कन्नड हा आधार. महाराष्ट्राने आयोगच अमान्य केला, 2004 मध्ये सीमावाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि कर्नाटकाकडून अक्कलकोटची मागणी आजही मधूनच उठते. अक्कलकोटच्या बाजारात माणूस भाव कन्नडात विचारतो, घासाघीस मराठीत करतो आणि वादात दोन्ही भाषा वापरतो. विजापूर मागतंय आणि इकडून नकार जातोय, हे सोलापूरने 1524 मध्ये उलट्या दिशेने पाहिलं होतं. या वेळी कागद आयोगाचा आहे, आणि लग्न कुणाचंच नाही.